वाचायचे मठ

येरेवानहून भल्या सकाळी सुटणारी सहलीची गाडी एका दिवसात खोर विराप, नोरावांक आणि तातेव असे आर्मेनियातले तीन मठ दाखवते आणि रात्री उशिरा परत आणून सोडते. एकटे तातेवच राजधानीपासून सुमारे अडीचशे किलोमीटर, तेही घाटरस्त्याने. दिवसाचा मोठा भाग गाडीत जातो आणि एकेका मठाच्या वाट्याला फार तर तास-दीड तास येतो. त्या वेळात जे दिसते ते सुंदर असते, याबद्दल वाद नाही. खोर विरापच्या मागे माथ्यावर बर्फ घेऊन उभा असलेला अरारात, नोरावांकभोवतीचे गेरूच्या रंगाचे कडे, तातेवच्या पायाशी तुटत गेलेली वोरोतान नदीची दरी. परतताना मनात एकच चित्र राहते: जगाला विटलेली माणसे डोंगराच्या टोकाला जाऊन बसली आणि शांतपणे प्रार्थना करत राहिली. हे चित्र अपुरे आहे आणि मठ पाहताना ते आडवे येते, एवढेच मला या प्रस्तावनेत मांडायचे आहे. आर्मेनियातल्या मोठ्या मठांत शाळा चालत, कायदे लिहिले जात, जमिनींची दाने नोंदली जात, सरदार घराण्यांची माणसे पुरली जात आणि ग्रंथांच्या नकला होत. राज्य हातातून गेल्यावर एका समाजाने आपला बराचसा कारभार तिथे नेऊन ठेवला होता. म्हणून या इमारती पाहण्याइतक्याच वाचायच्याही आहेत, आणि वाचल्या तर त्या अधिक चांगल्या दिसतात.

आधी भूमीविषयी थोडे. आर्मेनियाचे क्षेत्रफळ सुमारे ३० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही थोडे कमी. लोकसंख्या जेमतेम ३० लाख. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे आणि महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. आर्मेनियाची सरासरी उंचीच १८०० मीटरच्या आसपास आहे. सेवान सरोवराचे पाणी १९०० मीटरवर आहे. अशा उंच, अवघड मुलुखाने माणसांना सुरक्षित ठेवले असेल असे वाटते, पण झाले उलटेच. पश्चिमेला रोम आणि पुढे बायझँटियम, पूर्वेला इराण. नंतर अरब, सेल्जुक, मंगोल, तैमूर, ऑटोमन आणि रशिया. दोन बलाढ्य सत्तांच्या मधला हा उंचवटा प्रत्येकाला हवा होता. परंपरेप्रमाणे इसवी सन ३०१ मध्ये राजा तृतीय त्रदात याने ख्रिस्ती धर्माला राजधर्म केले. ज्या ग्रिगोर लुसावोरिच याने राजाला दीक्षा दिली, त्याला त्याच राजाने आधी तेरा वर्षे खोल विहिरीत कोंडले होते अशी कथा आहे. खोर विराप या नावाचा अर्थच खोल खड्डा, आणि आजही शिडीने त्यात उतरता येते. पण माझ्या मते आर्मेनियाच्या मठांचा खरा आरंभ समजून घ्यायचा तर ३०१ हे साल पुरत नाही. ३८७ मध्ये रोम आणि इराण यांनी देश वाटून घेतला. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स या धर्मगुरूने ३६ अक्षरांची लिपी घडवली. ४२८ मध्ये उरलेसुरले राजपदही गेले. फाळणी, लिपी, राज्याचा अंत: हा क्रम नजरेसमोर ठेवला की पुढच्या हजार वर्षांतल्या मठांचे बरेचसे वागणे उलगडते. राजाने टिकवायची ती गोष्ट आता अक्षरांनी टिकवायची होती, आणि अक्षरांना छप्पर लागते.

ते छप्पर प्रत्यक्ष कसे होते हे पाहायचे तर उत्तरेच्या लोरी प्रांतात सानाहिनला थांबावे. मध्यंतरी पुन्हा उभ्या राहिलेल्या राज्याचा बाग्रातुनी राजा तिसरा आशोत याची राणी खोस्रोवानुश हिने १०व्या शतकात सानाहिन आणि हाघपात हे दोन्ही मठ वसवले. दोघांच्या मध्ये देबेद नदीला मिळणाऱ्या एका छोट्या नदीची खोल घळ आहे. सानाहिनचे देवमातेचे चर्च आणि तारणहाराचे चर्च शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांच्या भिंतींमध्ये एक अरुंद, कमानदार छताची बोळ आहे. तिच्या दोन्ही बाजूंना जाड खांब आणि खांबांमध्ये बसण्याएवढे खण. हीच इथली पाठशाळा, असे मानले जाते: विद्यार्थी खणांत बसत आणि गुरू मधल्या वाटेने चालत शिकवत. जागा एवढी चिंचोळी आहे की समोरासमोर बसलेल्या दोन मुलांना एकमेकांची कुजबुज ऐकू यावी. ११व्या शतकातला विद्वान सरदार ग्रिगोर मागिस्त्रोस याचे नाव या पाठशाळेशी जोडले जाते. युक्लिडची भूमिती आणि प्लेटोचे काही संवाद त्याने आर्मेनियनमध्ये आणले. चर्चला लागूनच १०६३ मध्ये बांधलेले ग्रंथगृह आहे. चौकोनी खोली, वर आडव्यातिडव्या कमानींवर तोललेले छत, भिंतींत पोथ्यांसाठी कोनाडे, आणि कोपऱ्यांतल्या अर्धस्तंभांवर प्रत्येकी वेगळी नक्षी. १०४५ मध्ये बाग्रातुनींचे, आनी ही राजधानी असलेले राज्य बायझँटियमने गिळले होते आणि १०६४ मध्ये सेल्जुकांनी आनी शहर लुटले. म्हणजे राजधानी जाण्याच्या आदल्या वर्षी इथे पुस्तकांसाठी दगडी खोली उभी राहत होती. बांधणाऱ्यांना पुढचे ठाऊक होते असे नाही. पण आनी आज तुर्कस्तानात ओस पडलेले अवशेष आहे आणि सानाहिनची खोली अजून छपरासकट उभी आहे.

एका मठावरून सगळ्यांबद्दल बोलणे बरोबर नाही, हे मान्य. म्हणून आणखी तीन ठिकाणे घेऊ. ११८४ मध्ये मखितार गोश या विद्वान भिक्षूने आर्मेनियन कायद्याचा ग्रंथ लिहायला घेतला. कारण त्यानेच नोंदवले आहे: आपल्या लोकांजवळ लिखित कायदा नसल्यामुळे ते परक्यांच्या न्यायासनापुढे जातात. राजा नाही, न्यायालय नाही, अंमलबजावणी करणारे शिपाई नाहीत, आणि एक भिक्षू विवाह, वारसा, गहाण, गिरणी, जखमी बैल यांचे नियम लिहीत बसला आहे. तो ग्रंथ दूर भूमध्य समुद्राकाठच्या किलिकियातल्या आर्मेनियन राज्यात वापरला गेला, आणि १५१९ मध्ये पोलंडच्या राजाने ल्विव्ह शहरातल्या आर्मेनियन वस्तीसाठी त्याला मान्यता दिली. गोशने ज्या मठात शिकवले त्याला आता गोशावांक म्हणतात. वांक म्हणजे मठ. राज्य नसताना कायदा लिहून ठेवायची ही रीत आपल्या मद्रासपर्यंत पोचली. १८व्या शतकात तिथल्या आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या छापखान्यातून, अजून अस्तित्वातच नसलेल्या स्वतंत्र आर्मेनियाच्या राज्यघटनेचा मसुदा पुस्तकरूपाने निघाला, आणि १७९४ मध्ये ‘आझ्दारार’ हे जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिकही मद्रासलाच सुरू झाले. ते काढणारा गृहस्थ धर्मगुरूच होता. दुसरे ठिकाण ग्लाद्झोर: १२८० च्या सुमारास सुरू झालेले हे विद्यापीठ सुमारे साठ वर्षे चालले, तेही मंगोलांच्या अमलाखाली. तिसरे तातेव. ग्लाद्झोर मावळल्यावर त्याची परंपरा काही काळाने तातेवला आली. होव्हान वोरोत्नेत्सी आणि त्याचा शिष्य ग्रिगोर तातेवात्सी यांनी तिथे धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान, लेखन आणि चित्रकला, संगीत असे शिक्षण चालवले. याच काळात, १३७५ मध्ये, किलिकियातले आर्मेनियन राज्यही संपले आणि तैमूरच्या स्वाऱ्यांनी हा सगळा भाग भाजून निघत होता. राज्य नसताना विद्यापीठ चालते, ही गोष्ट एकदा घडली तर योगायोग म्हणता येईल.

यावर पहिला आक्षेप डोळ्यांना दिसणाराच आहे. मठ इतक्या दुर्गम जागी का? कारभार करायचा तर माणूस वस्तीत राहतो, कड्यावर नाही. याचे उत्तर असे की दुर्गमता बरीचशी आपल्या रस्त्यांनी निर्माण केली आहे. लोरीमध्ये आजचा मोटाररस्ता आणि रेल्वे देबेदच्या घळीतून जातात, म्हणून हाघपात आणि सानाहिन वर आभाळाला टेकल्यासारखे वाटतात. पण वस्ती, शेते आणि कुरणे पूर्वीपासून वरच्या पठारांवर होती. मठ लोकांपासून दूर गेले नव्हते, लोकांमध्येच होते. घळीत नदीवर १२व्या शतकाच्या अखेरीचा दगडी पूल आजही आहे, म्हणजे दोन्ही काठांमध्ये ये-जा होती. नोरावांकच्या परिसरातल्या सेलिम खिंडीत, २४०० मीटरच्या वर, १३३२ मध्ये ओर्बेलियान घराण्यातल्या सरदाराने बांधलेली काफिल्यांची सराई आहे. आज ती एकाकी दिसते. बांधली तेव्हा ती व्यापाराच्या चालत्या वाटेवर होती. दुसरे उत्तर भाषेतच आहे. आर्मेनियनमध्ये एकांतवासासाठी वेगळा शब्द आहे: अनापात, म्हणजे मुळात ओसाड माळ. ज्यांना खरोखर जग सोडायचे होते ते अनापातात जात. तातेवच्या खाली, वोरोतानच्या दरीत, १७व्या शतकातला असा अनापात आहेही. तिथल्या लोकांनी स्वतः जो फरक केला तो आपण पुसून टाकू नये. खुद्द सानाहिन गाव तर २०व्या शतकातही भरलेले होते. विमानरचनाकार आर्तेम मिकोयान आणि त्याचा थोरला भाऊ, सोव्हिएत नेता अनास्तास मिकोयान, हे दोघे याच गावचे. त्यांच्या संग्रहालयाच्या आवारात मिग-२१ विमान उभे आहे. ‘मिग’ या नावातला ‘म’ तो मिकोयानचा. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ बनत, म्हणून मराठी वाचकाला हे विमान अनोळखी नाही. मला त्या विमानापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: अनास्तास मिकोयान या साम्यवादी नेत्याचे शिक्षण तिफ्लिसच्या आणि एच्मिआद्झिनच्या आर्मेनियन चर्चच्या शाळांत झाले होते. इतक्या उशिरापर्यंत शिक्षणाची किल्ली तिथेच होती.

पोथ्यांचे प्रकरण या सगळ्यात सर्वांत श्रीमंत आहे आणि त्यावर थोडे रेंगाळणे भाग आहे. आपल्याकडे पोथीच्या शेवटी लेखक, स्थळ, काळ सांगणारी पुष्पिका असते. आर्मेनियन लिपिकारांनी ही पुष्पिका फार वाढवली. तिला ते हिशाताकारान म्हणजे स्मरणनोंद म्हणतात. तिच्यात लिपिकार आपल्या आईवडिलांची नावे लिहितो, ज्याने कातडे आणि शाई यांचा खर्च केला त्याचे नाव लिहितो, त्या वर्षी कोणत्या फौजा आल्या, दुष्काळ पडला का, थंडीने बोटे कशी आखडली, हे लिहितो. देशाचा इतिहास लिहिणाऱ्यांना आज या नोंदी दरबारी बखरींइतक्याच मोलाच्या वाटतात. लुटीत गेलेल्या पोथ्यांना या नोंदींत ‘बंदिवान’ म्हटलेले आढळते, आणि कैद्याला सोडवावे तसे खंडणी भरून त्यांना सोडवले जाई. सर्वांत मोठ्या आर्मेनियन हस्तलिखिताची कथा यात बसते. मुश या गावाच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रवचनसंग्रह १२०० ते १२०२ या काळात लिहिला गेला. वजन सुमारे २८ किलो, पाने वासरांच्या कातड्याची. लवकरच तो लुटारूंच्या हाती गेला. मुश परिसरातल्या लोकांनी वर्गणी काढून चार हजार चांदीची नाणी भरली आणि तो परत आणला. मग तो मुशच्या मठात सातशे वर्षे राहिला. १९१५ च्या नरसंहारात दोन बायकांना तो उजाड मठात सापडला. एकटीला पेलणार नाही म्हणून त्यांनी त्याचे दोन भाग केले. एक अर्धा एच्मिआद्झिनला पोचला. दुसरा एर्झुरुमच्या मठाच्या आवारात पुरलेला एका रशियन लष्करी अधिकाऱ्याला सापडला. आज दोन्ही अर्धे येरेवानच्या मातेनादारान या हस्तलिखित-संग्रहालयात एकत्र आहेत. त्याच ठिकाणी १४३६ सालची एक पंचांगपोथी आहे, वजन १९ ग्रॅम. लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत हरवल्यावर ते स्मरणातून पुन्हा लिहून काढले असे सांगणाऱ्या महानुभावांच्या भाषेतल्या वाचकाला या कथेतली तगमग वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो वजनदार आहे. मठांना ‘राष्ट्राची तिजोरी’ म्हणणे ही १९व्या-२०व्या शतकांतली कल्पना. मध्ययुगातल्या माणसाला ती चिकटवू नये. शिवाय या मठांतले सगळेच आर्मेनियन नाही. हे मला बरेचसे पटते. गेघार्द मठाच्या मुख्य चर्चपुढचा सभामंडप पाहा. त्याच्या मध्यावरचे छत मधाच्या पोळ्यासारख्या उलट्या दगडी कोनाड्यांनी भरलेले आहे. ही रचना इस्लामी वास्तूंतली, मुकर्नस नावाची. सेलिमच्या सराईवर आर्मेनियनबरोबर फारसी लेखही आहे. लोरीतल्या आख्ताला आणि कोबाइर या मठांचा संबंध जॉर्जियन चर्चशी होता आणि तिथे जॉर्जियन लेख आहेत. गेघार्द, हाघपात, गोशावांक यांचे १३व्या शतकातले वैभव शक्य झाले ते जाकारियान बंधूंमुळे, आणि ते जॉर्जियाच्या राणी तामारचे सेनापती होते. तेव्हा शुद्ध, बंदिस्त, चहूबाजूंनी वेढलेल्या राष्ट्राचे चित्र खरे नाही. पण यामुळे माझे म्हणणे मोडत नाही, उलट नेमके होते. मठ राष्ट्रासाठी बांधले असे मी म्हणत नाही. सानाहिन आणि हाघपात तर भरभराटीच्या काळात एका राणीने बांधले. हाघपातच्या भिंतीवर तिचे दोन मुलगे, सम्बात आणि गुर्गेन, चर्चची छोटी प्रतिकृती हातांत धरून कोरलेले आहेत. त्यात भीतीचा लवलेश नाही. मी एवढेच म्हणतो की ज्या समाजाचे राजवाडे टिकले नाहीत, त्याची कामे करण्याची सवय जिथे टिकली ती जागा मठ होती. परक्यांच्या कमानी घेऊन, परक्या राणीची मदत घेऊन, खेड्यातल्या घरांचे छत घेऊन. हे शेवटचे विशेष आहे: आर्मेनियातल्या जुन्या शेतकरी घराचे छप्पर लाकडाच्या ओंडक्यांचे थर आत आत सरकवत रचलेले असे आणि मधोमध धूर जायला, उजेड यायला एक झरोका ठेवलेला असे. सभामंडपांची दगडी छते तीच रचना दगडात उतरवतात. हाघपातच्या सभामंडपात उभे राहून वर पाहिले तर कमानींच्या मधल्या उघड्या चौकातून उजेड सरळ खाली पडतो. गावकऱ्याला तिथे आपल्या घराची ओळख पटली असणार.

या गावकऱ्याचा विषय निघाला की तिसरा आक्षेप टाळता येत नाही. या सगळ्या विद्येचा खर्च कोणी केला? तातेव हे मोठे जमीनदार होते. स्युनिक प्रांताच्या बिशपचे ते पीठ, आणि डझनावारी गावे त्याला वसूल भरत. १०व्या शतकात काही गावांतल्या शेतकऱ्यांनी मठाच्या हक्कांविरुद्ध उठाव केले, मठावर चालून गेले, आणि राजसत्तेने ते उठाव दडपले. ही हकीकत आपल्याला सांगतो तो तातेवचाच बिशप आणि इतिहासकार स्तेपानोस ओर्बेलियान. साहजिकच तो मठाची बाजू घेतो. गेघार्दला खडकात कोरलेल्या दफनदालनात प्रोश्यान घराण्याचे चिन्ह आहे: गळ्यात साखळी बांधलेले दोन सिंह, आणि त्यांच्या खाली पंजात कोकरू धरलेला गरुड. ते पाहताना कोकराकडेही लक्ष द्यावे. मठांचे गुणगान करणाऱ्या पर्यटनपुस्तकांत हे उठाव सहसा येत नाहीत, आणि तो मला त्या पुस्तकांचा मोठा दोष वाटतो. मठ राज्याचे काम करत होते असे एकदा म्हटले की राज्याचे जे जे असते ते सगळे त्यांच्या पदरात घालावे लागते: कायदा आणि शाळा, तसाच सारा आणि सक्तीही. सानाहिनच्या ग्रंथगृहातल्या प्रत्येक कोनाड्यामागे कुणाचा तरी द्राक्षमळा, कुणाची तरी गिरणी आहे. ही देणी भिंतींवर कोरलेली आहेत, म्हणून आपल्याला ती मोजता येतात.

चौथा आक्षेप साध्या प्रवाशाचा आहे आणि मला तो सर्वांत जवळचा वाटतो. आज या मठांत पाठशाळा नाही, ग्रंथ नाहीत, बहुतेक ठिकाणी भिक्षूही नाहीत. सोव्हिएत काळात बहुतेक मठ बंद पडले. तातेवची १९३१ च्या भूकंपात पडझड झाली आणि आज दिसते त्यातले बरेच पुन्हा उभारलेले आहे. मग जे उरले आहे ते डोंगर आणि दगड यांचे सौंदर्यच ना? सुट्टीत आलेल्या माणसाने ते मनसोक्त पाहिले तर काय बिघडले? काहीच बिघडत नाही. २०१० मध्ये सुरू झालेल्या, जवळजवळ पावणेसहा किलोमीटर लांबीच्या रोपवेने वोरोतानची दरी ओलांडून तातेवला पोचणे हा मोठा आनंद आहे, आणि त्या गावाला त्यातून मिळकत होते हेही चांगले. पण नजारा वाटतो तेवढा शाश्वत नसतो. सेवान सरोवराकाठचा सेवानावांक ८७४ मध्ये एका राजकन्येने बांधला तेव्हा बेटावर होता. सोव्हिएत काळात वीज आणि सिंचनासाठी पाणी काढल्याने सरोवर सुमारे वीस मीटरने उतरले आणि बेट काठाला जोडले गेले. आज तिथे चालत जाता येते, आणि ‘पाण्याने वेढलेला मठ’ कुठल्याही नव्या छायाचित्रात मिळत नाही. खोर विरापच्या चित्रातला अरारात आर्मेनियाच्या राजचिन्हावर आहे पण तुर्कस्तानच्या हद्दीत आहे, आणि मधली सरहद्द १९९३ पासून बंद आहे. हे ठाऊक असलेल्या माणसाला तोच डोंगर वेगळा दिसतो. सौंदर्य कमी होत नाही. त्यात कुणाचा तरी श्वास मिसळतो. भिक्षू नसण्याबद्दल म्हणाल तर त्यांच्याऐवजी त्यांचे दगड आहेत. खाचकार म्हणजे क्रूस कोरलेली उभी शिळा. आपल्या वीरगळासारखी तीही कुणाच्या तरी नावाने, कुणाच्या तरी स्मरणार्थ उभी राहते. गोशावांकची १२९१ सालची शिळा पोघोस नावाच्या कारागिराने इतकी बारीक कोरली आहे की तिला नाजूक विणकामाची उपमा देतात. नोरावांकशी जोडलेला मोमिक हा तर ग्रंथ लिहिणारा, चित्रे काढणारा, शिळा कोरणारा आणि इमारती बांधणारा एकच माणूस. त्याच्या खाचकारावरची नक्षी पोथीच्या पानाच्या समासासारखी दिसते याचे नवल वाटू नये. आणि हे दगडही अमर नाहीत: नाखिचेवानमधल्या जुघा इथले हजारो खाचकार १९९८ ते २००५ या काळात फोडून टाकण्यात आले. सप्टेंबर २०२३ मध्ये नागोर्नो काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियन काही दिवसांत बाहेर पडले, तेव्हा तिथला आमारास हा मठ मागे राहिला. माश्तोत्सने आपल्या लिपीची एक पहिली शाळा आमारासला काढली अशी परंपरा आहे.

म्हणून या पुस्तकाने मठांचा क्रम सोयीच्या रस्त्यांप्रमाणे लावलेला नाही. सुरुवात येरेवानच्या मातेनादारानपासून आहे, कारण बाहेर विखुरलेल्या मठांचे पोट इथे आहे. इमारतीपुढे माश्तोत्सचा बसलेला पुतळा आहे, जवळ शिष्य, आणि शेजारी दगडात कोरलेली अक्षरे. तिथे थोडा वेळ घालवावा अशी विनंती आहे. पूर्ण लिपी शिकायची गरज नाही. मठांच्या भिंतींवर जे लेख आहेत त्यांपैकी पुष्कळ दानलेख आहेत: अमक्याने मठाला अमुक मळा दिला, त्याबदल्यात वर्षातून इतक्या वेळा त्याच्या नावे प्रार्थना करावी, आणि जो हे मोडेल त्याला ३१८ धर्मपित्यांचा शाप लागो. हे ३१८ म्हणजे ३२५ सालच्या नायसिया परिषदेला जमलेले बिशप. आपल्या शिलाहार-यादवांच्या दानलेखांत शेवटी गधेगाळ येते. जमीन कागदावर नसून भीतीवर टिकते हे दोन्हीकडच्या लोकांनी ओळखले होते. हे लेख कालगणनेने सुरू होतात, आणि काल मोजायचा तर मोजकी अक्षरे पुरतात. आर्मेनियन अक्षरे अंकही असतात. ‘थ’ आणि ‘व’ ही दोन अक्षरे एकत्र दिसली की ती ‘थ्विन’ म्हणजे ‘या वर्षी’ या शब्दाची संक्षिप्त खूण समजावी, आणि पुढची अक्षरे वर्षाची. ‘च’ म्हणजे ७००, ‘ल’ म्हणजे ३०, ‘ब’ म्हणजे २. शक वर्षात ७८ मिळवून आपण इसवी सन काढतो. इथे ५५१ मिळवायचे. च, ल, ब: ७३२ आणि ५५१, म्हणजे १२८३. त्याच वर्षी गेघार्दच्या डोंगरात प्रोश्यानांचे दालन खडकातून कोरून पुरे झाले, छताला मधोमध एक झरोका ठेवून.